तांब्याची चोरी, पिकाला शिक्षा

आमच्या शिवारात मोबाइलवरून मोटार सुरू होते. पण रात्रीतून विहिरीवरची केबल गेली, तर तो मोबाइल काय कामाचा? चोर केबल कापतात, ओढ्यात नेऊन वरचं प्लास्टिक जाळतात आणि आतलं तांबं भंगारात किलोवर विकतात. इकडे नवी केबल येईपर्यंत हरभरा ऐन फुलोऱ्यात तहानतो, घाटे भरत नाहीत. हे नुकसान कुठल्याच फिर्यादीत येत नाही. म्हणून ही चोरी ‘किरकोळ’ म्हणणं थांबवा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे. जळकं तांबं विकणाऱ्याचं नाव, ओळखपत्र आणि वजन भंगारवाल्याने वहीत नोंदवलंच पाहिजे आणि पोलिसांनी ती वही नेमाने तपासली पाहिजे. गिऱ्हाईक तुटलं, की केबल तुटायची थांबेल.