पुढच्यांचे कान बधिर, मागच्यांना शब्द कळेनात : स्पीकर वाकवून टांगले तर काय होतं?

दिवा-वसई रेल्वेमार्गावरचं खारबाव घ्या, किंवा भिवंडी तालुक्यातलं दुसरं कुठलंही गाव. आगरी हळद म्हटली की घरापुढे मांडव आणि एका बाजूला जमिनीवर रचलेली स्पीकरची भिंत आलीच. समोर नाचणाऱ्यांच्या छातीत बेस धडधडत असतो आणि शेवटच्या खुर्च्यांवरच्या मावश्यांना गाण्याचे शब्दही कळत नाहीत. मग मागून कुणीतरी ओरडतं, 'दादा, वाढव!' दादा वाढवतो. थोड्या वेळाने पोलिसांना फोन जातो.

आवाज किती असावा यावर आपल्याकडे भरपूर वाद होतात. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाउडस्पीकर हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असं स्पष्ट केलं आणि आवाजाला आपोआप मर्यादा घालणाऱ्या यंत्रणेचा पर्यायही सरकारपुढे ठेवला. पण मर्यादा घातली की मागच्यांना आणखी कमी ऐकू येणार. त्यामुळे आवाज किती याच्याइतकाच तो पडतो कुठे, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे.

२४ डेसिबलचा घोळ

उघड्यावर साध्या स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. ५ मीटरवरून ८० मीटरवर जाताना अंतर चार वेळा दुप्पट होतं, म्हणजे २४ डेसिबलची घट. शेवटच्या रांगेला ८५ डेसिबल हवे असतील तर पहिल्या रांगेच्या कानावर १०९ आदळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सुचवलेली मर्यादा १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल आहे. आणि १० डेसिबल जास्त म्हणजे दहापट ऊर्जा, हे लक्षात घ्या.

स्पीकर ८ मीटर उंच टांगले तर थोडा फरक पडतो. ५ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचं स्पीकरपासूनचं अंतर आता ८ मीटरच्या वर जातं, मागच्याचं जवळपास तेवढंच राहतं. तफावत २४ वरून साधारण २० वर येते. उरलेलं काम वळण करतं.

मोठ्या कॉन्सर्टमध्ये स्टेजच्या दोन्ही बाजूंना स्पीकरच्या डब्यांची लांब माळ लटकलेली असते, वर जवळपास सरळ आणि खाली स्टेजकडे वळत गेलेली. हा लाइन अ‍ॅरे. १९९० च्या दशकात फ्रान्सच्या एल-अकॉस्टिक्स कंपनीच्या 'व्ही-डॉस्क'पासून ही पद्धत जगभर पसरली.

बागेतल्या पाण्याच्या पाइपाचं तोंड दाबलं की धार लांब जाते, सोडलं की पाणी जवळच पसरतं. इथेही तसंच. वरच्या डब्यांमध्ये जेमतेम एखाद्या अंशाचा कोन ठेवतात, त्यामुळे त्यांचा आवाज एकवटून लांबच्या रांगांवर पडतो. खाली येताना कोन वाढत जातो, तितकाच आवाज जास्त फाकतो आणि जवळच्या माणसाच्या वाट्याला कमी येतो. मैदानाची लांबी आणि टांगण्याची उंची देऊन हे कोन आधी सॉफ्टवेअरमध्ये काढतात. ते न काढता डबे सरळ रचले तर तो नुसता महागडा खांब!

बेस मात्र वळणाला जुमानत नाही

६० हर्ट्झच्या बेसची एक लहर साडेपाच मीटरहून लांब असते. तीन मीटरची माळ तिला दिशा देऊ शकत नाही, ती चहूकडे जाते आणि भिंती-खिडक्यांमधूनही शिरते. शेजारच्या घरात गाणं नाही, फक्त 'धम्-धम्' ऐकू येतं ते यामुळेच. काही वूफर उलट्या दिशेने ठेवून, त्यांचा आवाज मोजून उशिरा आणि उलटा सोडला तर मागे जाणारा बेस बराच कापता येतो.

इथे कायद्याचीही एक गोची आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, एवढं अनेकांना माहीत असतं. पण हे मोजमाप 'ए' प्रकारच्या डेसिबलमध्ये होतं. त्यात कानाला कमी जाणवणाऱ्या खालच्या सुरांना कमी वजन मिळतं. ६० हर्ट्झच्या आसपासचा बेस मीटरवर सुमारे २६ डेसिबलने कमी धरला जातो. म्हणजे ज्या आवाजाने शेजाऱ्याची झोप उडते, तोच आकड्यात सगळ्यात कमी दिसतो. माझ्या मते परवानगी देताना डेसिबलच्या आकड्यासोबत वूफर किती आणि कुठे तोंड करून, हेही विचारायला हवं.

गावच्या हळदीला लाइन अ‍ॅरे परवडणार नाही आणि दीडशे पाहुण्यांना त्याची गरजही नाही. पुढे उंच स्टँडवर एक जोडी आणि मांडवाच्या मध्यावर दुसरी लहान जोडी लावली तरी पुढचा आवाज खूप खाली आणता येतो. फक्त मधली जोडी थोडी उशिरा वाजली पाहिजे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून ३४ मीटरवरच्या जोडीला ०.१ सेकंदाचा उशीर द्यायचा, नाहीतर मागे बसलेल्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. बऱ्याच डिजिटल मिक्सरमध्ये ही सोय आधीपासूनच असते.