रेघ ओढण्याआधी रान पाहा



वसुबारसेने आपली दिवाळी सुरू होते. त्याच दिवशी अकोले-जुन्नरच्या डोंगरांत महादेव कोळी वाघबारस करतात आणि गुरे राखणारी माणसे वाघोबाला नैवेद्य दाखवतात. ज्याच्या भीतीने गोठ्याचे दार लावायचे, त्यालाही सणात मान देणारी ही माणसे सह्याद्री जगवत आली. यंदाचा दिवाळी अंक त्यांच्या जंगलाला वाहिला आहे.

पश्चिम घाटातला कोणता भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील मानायचा, हा वाद दीड दशक चालू आहे. माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात घाटाचे सुमारे नऊ किलोमीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडले. प्रदेशनिष्ठ वनस्पती, धोक्यातले सस्तन प्राणी, चढ-उतार, वनाच्छादन अशा निकषांवर गुण देऊन तीन श्रेणी ठरवल्या, आणि अंतिम सीमा ग्रामसभांशी बोलून ठरवा, असे सांगितले. २०१३ मध्ये कस्तुरीरंगन गटाने प्रामुख्याने उपग्रहचित्रांच्या आधारे, गाव हे एकक धरून, ३७ टक्के क्षेत्र सुचवले. जुलै २०२४ अखेर केंद्राने या क्षेत्राच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा काढला. त्यात महाराष्ट्राचे १७ हजारांहून अधिक चौरस किलोमीटर आहेत.

उपग्रहाला झाडांचा हिरवा माथा दिसतो, त्याखाली कोण राहते ते दिसत नाही. आंबोलीचा सडा, म्हणजे तिथले कातळपठारच घ्या. उन्हाळ्यात काळाठिक्कर, उघडाबोडका जांभा. कागदोपत्री सहज पडीक ठरेल असा. पाऊस पडला की त्याच कातळावरच्या उथळ डबक्यांत आंबोली टोड अंडी घालतो. अंगावर वाघासारखे पिवळसर पट्टे असलेला हा इवलासा जीव २००९ मध्ये विज्ञानाला नव्याने कळला. आंबोली आणि आसपासचा टापू सोडला, तर तो जगात कुठे आढळत नाही. भर पावसात, बॅटरी घेऊन, कातळावर ओणवे होऊन पाहणाऱ्यालाच तो सापडतो.

वाघाचेही तसेच. दर चार वर्षांच्या व्याघ्रगणनेत वनरक्षक आपल्या बीटमध्ये पायी फिरून ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे नोंदवतात. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात. अशा नोंदींमुळेच सावंतवाडी-दोडामार्गचा पट्टा वाघांच्या येण्याजाण्याची वाट म्हणून पुढे आला.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. संवेदनशील क्षेत्राची सीमा प्राण्यांच्या प्रत्यक्ष पाहणीवर ठरावी आणि ती पाहणी गावाला बरोबर घेऊन व्हावी. आपल्या शिवारात काय सापडले हे गावकऱ्यांना कळत नाही, तोवर घर, शेती, रस्ता यांबद्दलची त्यांची भीती खरीच असते. २००२ च्या जैवविविधता कायद्यामुळे गावोगावी लोकजैवविविधता नोंदवहीची सोय झाली आहे. ती दप्तरात बांधून ठेवू नये. दरवर्षी ग्रामसभेत उघडावी, वाचावी, तीत भर घालावी. गावाने स्वतः नोंदवलेला बेडूक, शेकरू, बिबट्या गाव राखते. वरून आलेल्या यादीला मात्र विरोध होतो.

या अंकात सडे, देवराया, बेडूक, वन्यजीवांच्या वाटा आणि जंगलाकाठची शेती यांवर लेख आहेत. ते वाचा, आपल्या गावची नोंदवही मागा, आणि या पावसाळ्यात दिसलेले एक तरी नाव तीत लिहून घ्या.



– संपादक