वायफायचा पासवर्ड ठेकेदाराच्या खिशात कशाला?

क्वेकर्स हिल, स्कोफील्ड्स, मार्सडन पार्क, ब्लॅकटाउन या पट्ट्यात आपली पोरं सात-सात, आठ-आठ जण मिळून एका घरात राहतात. त्यांना एक साधा प्रश्न. घरातलं इंटरनेट कोणाच्या नावावर आहे? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: "भाऊंच्या नावावर." भाऊ म्हणजे ज्याने घर भाड्याने घेतलं तो, किंवा कामावर लावणारा लेबर-हायरवाला. पुष्कळदा दोन्ही एकच माणूस.

आता दुसरा प्रश्न. राउटरचा पासवर्ड कोणाकडे आहे? फोन जोडायचा पासवर्ड म्हणत नाही मी, तो फ्रिजवर चिकटवलेला असतो. राउटरच्या आत शिरून सेटिंग बदलायचा पासवर्ड. इथे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. असा वेगळा पासवर्ड असतो हेच कोणी सांगितलेलं नसतं.

मी साइटवर सुपरवायझर आहे, डिप्लोमा सिव्हिलचा. कॉम्प्युटरचा माणूस नाही. पण आठवड्याचे सहा दिवस ज्या पोरांबरोबर काम करतो त्यांच्या घरी काय चालतं ते कानावर येतंच. आणि हे करणारे लोक कोणी परके नाहीत, माझ्याच पंक्तीतले आहेत. म्हणून जरा कडक लिहितोय.

एक घर सांगतो, नावगाव नाही सांगत. आठ माणसं. प्रत्येकाच्या पगारातून आठवड्याला १० डॉलर "वायफायचे" कापले जायचे. हिशोब करा. आठवड्याचे ८०, महिन्याचे साडेतीनशेच्या जवळ. अख्ख्या घराला पुरेल असं कनेक्शन महिन्याला शंभर डॉलरच्या आतबाहेर मिळतं. वरचे पैसे कुठे गेले ते विचारायचं नाही, कारण भाऊंनी काम दिलंय. त्या घरातल्या सांगलीकडच्या एका स्टीलफिक्सरने शनिवारच्या ओव्हरटाइमचे पैसे मागितले. त्याच रात्री त्याच्या फोनचा वायफाय बंद. बाकी सातांचा चालू. भाऊ म्हणे, लाइनमध्ये प्रॉब्लेम आहे. एकाच फोनपुरता प्रॉब्लेम असलेली लाइन मी तरी पाहिलेली नाही. राउटरच्या यादीत त्याच्या फोनच्या नावापुढे "ब्लॉक" दाबलं होतं. दोन सेकंदाचं काम. तीन दिवस त्याचं घरी बोलणं नाही, चौथ्या दिवशी गडी ओव्हरटाइमचं नाव काढायचा बंद झाला.

ही दादागिरीच आहे. पूर्वी मुकादम उचल देऊन माणूस बांधून ठेवायचा. आता उचलीऐवजी राउटर आलाय.

कायदा काय म्हणतो ते आधी बघू. इथल्या फेअर वर्क कायद्यात पगारातून वाटेल ते कापता येत नाही. तुमची लेखी संमती हवी, आणि कपात मुख्यतः तुमच्या फायद्याची हवी. मालकाच्या फायद्याची आणि गैरवाजवी कपात चालत नाही, कुठल्यातरी कागदावर सही घेतलेली असली तरी. पेस्लिप पगारापासून एका कामाच्या दिवसाच्या आत द्यावी लागते आणि कपात त्यात दिसावी लागते. १ जानेवारी २०२५ पासून मुद्दाम पगार कमी देणं हा देशभर फौजदारी गुन्हा आहे. पगाराची विचारणा केली म्हणून कामगाराला त्रास देणं आधीपासूनच बेकायदा आहे.

पण भावांनो, कायदा चालतो महिन्यांच्या हिशोबाने आणि राउटर चालतो सेकंदांच्या. "माझा वायफाय तोडला" हे तुम्ही कोणापुढे सिद्ध करणार? आणि तक्रार करायची म्हटली तर लागतं काय? फेअर वर्कच्या साइटवर अवॉर्डचे दर बघायला इंटरनेट. व्हिसाच्या अटी तपासायला इंटरनेट. सुपर जमा होतंय का ते बघायला इंटरनेट. तासांचे फोटो, पेस्लिपा, मेसेज साठवायला इंटरनेट. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच दारातून जायचं.

बरं, तो बघतो काय काय? यात अफवा फार आहेत, म्हणून नीट सांगतो. व्हॉट्सॅपवर तुम्ही काय लिहिता ते राउटरवाल्याला वाचता येत नाही. बँकेच्या साइटवर काय टाइप करता तेही नाही. पण कुठला फोन किती वाजता जोडला, किती वाजता गेला, किती डेटा खाल्ला हे दिसतं, आणि बऱ्याच राउटरमध्ये कुठल्या कुठल्या साइटवर गेलात त्यांची नावंही दिसतात. "परवा रात्री फेअर वर्कच्या साइटवर काय करत होतास रे?" असं स्मोकोच्या वेळी कोणी हसत हसत विचारलं, की बाकीच्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

आता आपल्याच पोरांचं म्हणणं. "दादा, मोबाइलचा डेटा आहे की, कशाला ही भानगड?" डेटा आहे, मान्य. एकट्याचं भागतंही. पण २८ ऑक्टोबर २०२४ ला टेल्स्ट्रा आणि ऑप्टस या दोघांनी थ्रीजी बंद केलं तेव्हा काय झालं आठवा. जे फोन नव्या नेटवर्कवरून ट्रिपल झीरोला, म्हणजे आणीबाणीच्या नंबरला, लागू शकत नव्हते ते कंपन्यांनी नेटवर्कवरूनच काढले. परदेशातून आणलेले फोरजी फोनही त्यात सापडले. असा फोन वायफायवर मात्र चालतो. नवा फोन घेईपर्यंत घरचा वायफाय एवढाच गावाकडचा रस्ता. आणि आठ जण वेगवेगळा डेटा विकत घेतात, त्यापेक्षा आठ जणांचं एक कनेक्शन स्वस्त पडतं, हे सांगायला डिप्लोमा लागत नाही.

दुसरं म्हणणं, "आपल्याला ते जमत नाही." याचा मला खरंच राग येतो. जो माणूस ड्रॉइंग बघून बार बेंडिंग शेड्यूल लावतो, लेव्हल लावून फॉर्मवर्क उभं करतो, त्याला चार वायरी जमत नाहीत? न जमण्यासारखं त्यात काही नाही. कोणीतरी "आयटीचं काम आहे" म्हणून हवा करून ठेवलीय.

काम असं. एनबीएन ही कंपनी तुम्हाला थेट कनेक्शन विकत नाही, विकणारे वेगळे, आणि महिन्या-महिन्याचे प्लॅन मिळतात. दोन वर्षं बांधून घ्यायची गरज नाही. घरातल्या दोघांनी पुढे व्हायचं, एकाच्या नावावर कनेक्शन, दुसऱ्याकडे सगळ्या पासवर्डांची नक्कल. घरात आधीच भाऊंचं कनेक्शन चालू असेल तर विकणाऱ्याला तसं स्पष्ट सांगा, आणि घरमालकाचं काही म्हणणं आहे का तेही आधी विचारा. फायबर थेट घरात आलेलं असेल किंवा जुन्या केबल टीव्हीची लाइन असेल, तर भिंतीवर एनबीएनचा डबा असतो. त्यातून वायर राउटरच्या "वॅन" लिहिलेल्या भोकात. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरची लाइन असेल तर वेगळ्या जातीचा मोडेम लागतो, घेताना तेवढं विचारून घ्या. राउटरच्या खालच्या स्टिकरवर नेटवर्कचं नाव, पासवर्ड आणि आत शिरायचा पत्ता लिहिलेला असतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. फोन जोडा, ब्राउझरमध्ये तो पत्ता टाका. आत गेल्यावर पहिलं काम, सेटिंगचा पासवर्ड बदला. नाव बदलणं, रंग बदलणं नंतर. सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३, त्याच्या खालचं नको. बटण दाबून जोडायची डब्ल्यूपीएस सोय बंद. बाहेरून कंट्रोल करायची सोय बंद. सॉफ्टवेअर अपडेट करा. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं ठेवा, नाहीतर दर रविवारी जेवायला येणारा प्रत्येक जण तुमचा पासवर्ड घेऊन जाईल. झालं. चहा थंड व्हायच्या आत होतं.

जिथे खरी अडचण येते ती मागच्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये. पुढच्या घरात चार जण, मागे तीन, आणि मागच्यांना सिग्नल नाही. इथे बांधकामातलं ज्ञान कामाला येतं, आणि ते आपल्याकडे आयटीवाल्यापेक्षा जास्त आहे. आतली जिप्रॉकची भिंत सिग्नलला फारशी आडवी येत नाही. विटांची थोडी येते. पण बाहेरच्या भिंतीत आणि पत्र्याखाली जे चकाकणारं फॉइल मारतो ना आपण, ते सिग्नलला आरशासारखं परत पाठवतं. कलरबॉन्डचा पत्रा तसाच. त्यामुळे राउटर कितीही महागाचा आणला तरी फॉइलच्या दोन भिंतींपलीकडे तो मार खातो. लोक मग तीनशे डॉलरचा "आठ अँटेनावाला" आणतात. अँटेना मोजून सिग्नल येत नाही.

उपाय म्हणजे मागे एक ॲक्सेस पॉइंट. राउटरमधून निघालेली केबल मागे न्यायची आणि तिच्या टोकाला हा डबा लावायचा, तिथून तो वायफाय सोडतो. एखाद्याकडे जुना राउटर पडलेला असेल तर तोही चालतो, फक्त सेटिंगमध्ये "ॲक्सेस पॉइंट मोड" निवडायचा. हे विसरू नका, कारण नाहीतर दोन्ही डबे फोनांना पत्ते वाटायला लागतात. एका साइटवर दोन मुकादम टोकन वाटायला बसले तर जो गोंधळ होतो तोच. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा, म्हणजे पुढच्या घरातून मागे जाताना फोन सहसा आपोआप बदलतो. २.४ चा पट्टा लांब जातो, ५ चा वेगवान पण जवळचा.

केबलबद्दल मात्र सावध. तयार मिळणारी छोटी केबल खोलीत डब्याला लावणं वेगळं, आणि भिंतीतून, छतातून किंवा जमिनीखालून कायमची केबल टाकणं वेगळं. दुसरं काम इथे नोंदणी असलेला केबलरच करू शकतो, घरमालकाची परवानगीही लागते. आपण बांधकामातले आहोत म्हणून ड्रिल उचलून सुरू व्हायचं नाही. परवडत नसेल तर मेशचा जोड घ्या. एक डबा पुढच्या घराच्या मागच्या खिडकीत, दुसरा ग्रॅनी फ्लॅटच्या समोरच्या खिडकीत, खिडकीला खिडकी बघेल असा. केबलइतका वेग नाही मिळत, पण आईचा चेहरा स्पष्ट दिसतो.

एक गंमत सांगतो. घरातल्या भिंतींवर आपटून रेडिओ लहरींचा जो कालवा होतो, त्यातून सिग्नल नीट बाहेर काढायची युक्ती आपल्यापासून अर्ध्या-पाऊण तासावरच्या मार्सफील्डशी जोडलेली आहे. सीएसआयआरओ या सरकारी संस्थेत जॉन ओ'सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बसवली, १९९६ मध्ये त्यावर अमेरिकेत पेटंट मिळालं. पुढे बड्या बड्या कंपन्यांनी ती वापरली आणि पैसे देईनात. तेव्हा ही संस्था गप्प बसली नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासच्या कोर्टात गेली, २००९ आणि २०१२ च्या तडजोडींत मिळून ४३० दशलक्ष डॉलरच्या वर वसूल केले. तुम्ही चार शनिवारचा ओव्हरटाइम मागितला की तुम्हाला "माजलास का" विचारतात.

आखातातल्या भावांसाठी वेगळं लिहावं लागेल. कॅम्पमध्ये स्वतःचा राउटर लावायचा तर कॅम्पचा आणि त्या देशाचा नियम आधी विचारा. अमिरातीत व्हॉट्सॅपवरून कॉल होत नाहीत, परवानगी असलेली ॲप्स वेगळी आहेत, व्हीपीएन घालून पळवाट काढायच्या फंदात पडू नका. पण कॅम्पच्या वायफायचे पैसे कोण घेतो, किती घेतो आणि पावती देतो का, हे विचारायला कुठे बंदी आहे? पगार किंवा करार बुडवला तर भारत सरकारचं मदद पोर्टल २०१५ पासून आहे, तिथे तक्रार नोंदवता येते. तीही इंटरनेटवरूनच.

हे चैनीचं मागणं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी केरळ हायकोर्टाचा सप्टेंबर २०१९ चा निकाल बघावा. कोझिकोड जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या वसतिगृहात संध्याकाळी ठरावीक तास मोबाइल वापरायला बंदी होती, एका विद्यार्थिनीने विरोध केला तर तिला बाहेर काढलं. कोर्टाने तिला परत घ्यायला लावलं आणि इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं. तो निकाल इथे लागू होत नाही, हे मलाही कळतं. पण वसतिगृहाच्या वॉर्डनला जे चाललं नाही ते लेबर-हायरवाल्याला का चालावं?

माझ्या पंक्तीतल्या लोकांना एवढंच. घर चालवता, भाड्याचा ताप तुम्हाला होतो, कबूल. वायफायचं बिल आठ जणांत समान वाटा, बिलाचा फोटो ग्रुपवर टाका, कोणी एक शब्द बोलणार नाही. पगारातून कापू नका. आणि माणसाचं घराशी बोलणं हे शिस्त लावायचं हत्यार नाही.

पोरांनो, फेअर वर्क ओम्बड्समनचा नंबर १३ १३ ९४. इंग्रजीचा त्रास असेल तर आधी १३१ ४५० वर दुभाषा मागा. हे दोन्ही साध्या फोनवरून लागतात, वायफाय लागत नाही.

आणि घर सोडताना राउटर आणि ॲक्सेस पॉइंट, ज्यांनी पैसे घातले त्यांचे. कोणी किती घातले ते पहिल्याच दिवशी ग्रुपवर लिहून ठेवा, जाणाऱ्याला त्याचा वाटा द्या आणि त्याच दिवशी पासवर्ड बदला. सगळेच निघालात तर डबे खोक्यात घालून बरोबर न्या. भिंतीवरचा एनबीएनचा डबा मात्र घराचाच, त्याला हात लावू नका. तो काढून नेला तर पुढे येणाऱ्या पोरांना पहिला महिना कोरडा जातो.