तिला कोणीं विचारलें आहे काय?

"एकदां लग्न होऊन मांडीवर मूल खेळूं लागलें, म्हणजे आपोआप ताळ्यावर येईल," हें वाक्य सुशिक्षित घरांतून आम्हीं इतक्या वेळां ऐकलें आहे कीं, बोलणारांस तें वैद्यकशास्त्रांतील सिद्धान्तच वाटत असावें. त्याच घरांतला दुसरा पक्ष म्हणतो, "असल्या मुलीनें मूल होऊं देणें हें पाप आहे." दोन्ही पक्ष एकमेकांस मूर्ख समजतात, व आमच्या मतें दोघांचाहि समज बरोबर आहे. जिच्याविषयीं हा वाद चालतो, तिला मात्र चहाचे पेले घेऊन आंत पाठविलेलें असतें.

उन्माद आणि विषाद यांच्या लाटा ज्यांत आळीपाळीनें येतात, त्या द्विध्रुवी विकाराविषयीं आम्ही लिहीत आहों; हल्लीं त्याला घरोघर बायपोलर म्हणतात. औषधानें मुलगी बरी राहते, पदवी घेते, नोकरी करते. मग स्थळ येतें. पत्रिका दाखविली जाते, गोळ्यांची डबी लपविली जाते. सासरीं औषध एकतर बंद होतें, नाहींतर चोरून घेतलें जातें. आणि चोरून घेतलेल्या औषधाचें नांव प्रसूतितज्ज्ञाला कोण सांगणार?

तें नांवच तर महत्त्वाचें! गरोदरपणांत व्हॅल्प्रोएट घेतलेल्या स्त्रियांच्या मुलांपैकीं शेंकडा सुमारें १० मुलांत जन्मजात व्यंग आढळतें, आणि शेंकडा ३० ते ४० मुलांची बौद्धिक वाढ मागें पडूं शकते. खात्रीच्या गर्भनिरोधनाची व्यवस्था असल्याखेरीज मूल होऊं शकणाऱ्या स्त्रीस तें देऊं नये, असा नियम ब्रिटननें २०१८ सालीं केला. कार्बामाझेपीन गर्भनिरोधक गोळीचाच गुण कमी करतें. तांबीला त्याची बाधा नाहीं. लिथियमचा गर्भाच्या हृदयास असणारा धोका मात्र पूर्वीं समजत त्याहून कमी आहे. वारंवार रक्त तपासून, मात्रा बेतून पुष्कळ स्त्रियांना तें देतां येतें. म्हणजे मूल हवें असो वा नको असो, वाट आहे; पण ती गर्भ राहण्यापूर्वीं शोधावी लागते.

"मग सगळींच औषधें सोडावीं," असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. २००७ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, औषध सोडलेल्या गरोदर स्त्रियांपैकीं शेंकडा ८५ जणींचा आजार उलटला. चालू ठेवलेल्यांत हें प्रमाण ३७ होतें. बाळंतपणानंतरचे दिवस तर याहून कठीण. एरवीं हजार बाळंतिणींत एक-दोघींना होणारा उन्माद, या विकाराच्या तीव्र प्रकारांत सुमारें पांचांत एकीला होतो. त्या वेळीं आमचीं सुशिक्षित घरें काय करतात? "बाहेरचें झालें" म्हणून अंगारा लावतात, तान्हें मूल आजीकडे नेतात, आणि थोड्याच दिवसांत १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांतील "विवाहास व संततीस अयोग्य" हे शब्द वकिलाकरवीं शोधून काढतात. बंगळूरच्या निम्हान्समध्यें २००९ सालीं आई आणि बाळ यांस एकत्र ठेवून उपचार करणारा कक्ष सुरू झाला, हें त्यांच्या कानीं नसतें. आणि रुग्णालयांतील आईपासून तीन वर्षांखालील मूल सामान्यतः तोडूं नये, असें २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो, हेंहि नसतें.

पापवाद्यांस एवढेंच सांगतों कीं, अशा आईच्या दहा मुलांपैकीं सुमारें नऊंना हा विकार होत नाहीं. मधुमेही बापांना कोणीं ब्रह्मचर्याचा उपदेश केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. शस्त्रक्रियेनें "कायमचा बंदोबस्त" सुचविणारांनीं वरील कायदा पुन्हां वाचावा: मानसिक आजारावरील उपाय म्हणून संततिप्रतिबंधक शस्त्रक्रिया करण्यास त्यांत बंदी आहे. तिनें स्वतः नीट विचार करून मूल नको म्हटलें, तर तो तिचा अधिकार. तिच्या भावांचा नव्हे.

वधूपित्यांनो, चार पिढ्यांचीं नांवें ज्या लिफाफ्यांत घालतां, त्यांतच मुलीच्या संमतीनें डॉक्टरांची चिठ्ठीहि घाला. स्थळ मोडेल, हें आम्ही जाणतों. लपवून केलेलें लग्नहि न्यायालयांत मोडतें, आणि तेव्हां कदाचित् पाळण्यांत मूल असतें. पण त्याआधीं तिला आंतून बाहेर बोलवा, आणि मूल हवें कीं नको, हवें तर केव्हां, हें तिच्या तोंडून ऐका.