शेगावची रांग, नाशिकचा घाट

सिंहस्थ जवळ आला की आपल्याकडे दोनच सूर निघतात : कोणी पुण्य म्हणतो, कोणी अंधश्रद्धा. मला काळजी वाटते ती गर्दीची. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकला रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक भाविक गेले. पाण्यात नव्हे, रस्त्यावर!

प्रगटदिनाला, ऋषिपंचमीला आपल्या शेगावात माणूस मावत नाही. तरी रांग सरकते. वळणावळणावर पांढऱ्या कपड्यांतला सेवाधारी हात जोडून ‘माउली, पुढे चला’ म्हणत उभा असतो. बिनपगारी, पाळीने आलेला. घरी बहुधा शेती. पोलिसाच्या काठीला न जुमानणारा गडी त्या ‘माउली’पुढे मुकाट्याने सरकतो.

कोणी म्हणेल, मंदिराला दरवाजे असतात, नदीला नसतात. आणि मुहूर्त तर सगळ्यांना एकच हवा. खरे आहे. म्हणूनच माणसे हवीत ती घाटाआधीच्या गल्ल्यांत. २०२७ साली पुन्हा पर्वण्या आहेत. आपली एन. एस. एस.ची मुले आवारातले गाजरगवत उपटतात, उपटोत बापडी. पण चार दिवस सेवाधाऱ्यांच्या हाताखाली रांग शिकून ती नाशिकला का जाऊ नयेत? परीक्षा आडवी येते, असे प्राध्यापकांनी कृपया म्हणू नये. पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत.