सेल बसेना!

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरी ‘बॅटरी’ म्हणजे हातात धरायची ती. पुस्तकात तिला विजेरी म्हणतात, हे मला कॉलेजात आल्यावर कळले. तिच्यात घालायचे ते ‘सेल’. हा भेद आधीच सांगून ठेवते, कारण गेल्या हिवाळ्यात त्याच्यापायी मला जळगाव आणि धुळे ही दोन्ही शहरे पालथी घालावी लागली.

आमचे गाव पारोळा तालुक्यात. शेतीपंपाची वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली, २०२३ साली तिचा दुसरा टप्पाही आला. पण आमच्या फिडरवरची रात्रपाळी काही सुटलेली नाही. तशी पाळी असली की आबा मध्यरात्री गव्हाला बारे द्यायला जातात. बांधावर साप, विंचू, कधी रानडुकरे. तेव्हा बॅटरी ही आमच्याकडे हौसेची वस्तू नव्हे.

पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीचे पैसे आले, त्यांतून मी आबांना चार्जिंगची बॅटरी घेऊन दिली. जुनी तीन सेलांची पत्र्याची बॅटरी आईने फडताळात ठेवून दिली. वर्षभर नवीचे गावभर कौतुक झाले. मग एका रात्री ती शेतातच विझली. आबा चिखल तुडवीत अंधारातून घरी आले. पायाशी काहीतरी सळसळले होते, ते त्यांनी आईला सांगितले नाही, मला सांगितले. वर म्हणाले, “तुनी बॅटरी नि तुनं कॉलेज, दोन्हीस्ना उजेड सारखाच शे!” आबा हसून बोलले, पण मला ते फार लागले.

बॅटरी उघडली. आत एकच सेल, त्यावर आकडा १८६५०. मला वाटले, पिनकोडातला एक अंक गळाला असावा! वास्तविक अर्थ अगदी सोपा आहे. जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, आणि शेवटचे शून्य म्हणजे आकार गोल. पण हे ना बॅटरीच्या खोक्यावर लिहिले होते, ना दुकानदाराने सांगितले.

जळगावात गोलाणी मार्केटपासून सुरुवात केली. “बॅटरी बदलून मिळेल का?” असे विचारले, तर समोर नव्या बॅटऱ्या मांडल्या गेल्या. पुढे एका दुकानात “ताई, घरातल्या कुणा माणसाला पाठवा” असा सल्ला मिळाला. मी माणूस नाही काय, हे विचारायचे राहूनच गेले. एके ठिकाणी मिळालेल्या सेलाचे डोके सपाट निघाले. आमच्या बॅटरीला उंचवट्याचे लागते, त्यामुळे टोक टेकेना. दुसऱ्या ठिकाणचा सेल उंचवट्याचा होता, पण त्याला खाली सुरक्षिततेची चकती जोडलेली, त्याने लांबी वाढली आणि झाकण लागेना. तिसऱ्यावर ठळक अक्षरांत ९९०० मिलिअँपिअर-तास छापले होते. या आकाराचा चांगला सेल साधारण ३००० ते ३५०० एवढाच साठा करतो, हे मी आदल्या रात्री होस्टेलवर वाचले होते. म्हणून वाचले!

शेवटी धुळ्याला मामांकडे गेले. आग्रा रोडजवळच्या एका गल्लीत रेडिओ दुरुस्त करणारे एक वयस्कर चाचा बसतात. त्यांनी सेलाला मीटर लावले आणि मान हलवली. “बेटा, हा पार उतरलाय. याला जबरदस्तीने चार्ज करशील तर पेटेल.” त्यांच्याकडे जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल होते, पण ते त्यांनी दिले नाहीत. ज्याचा मागचा इतिहास माहीत नाही तो सेल रात्रीच्या माणसाच्या हाती देऊ नये, म्हणाले. मग विचारले, “जुनी पत्र्याची आहे ना घरी?”

त्यांचा हिशेब असा. घड्याळात घालतात त्या पेन्सिल सेलाच्या आकाराचे, चार्ज होणारे निकेल जातीचे सेल मिळतात. ते मोठ्या सेलाच्या जाडीच्या प्लास्टिक नळकांड्यात घातले की जुन्या बॅटरीत नीट बसतात. साधा सेल १.५ व्होल्टचा, हे १.२ चे, तिघांचे मिळून ३.६. तीन सेलांच्या बॅटरीतला आमचा दिवा ३.८ व्होल्टचा, म्हणजे उजेड फारसा घटत नाही. दिवा ओढतो ०.३ अँपिअर, सेल २००० मिलिअँपिअर-तासांचे, म्हणजे सहा तास सहज. एक रात्र निघते.

लिथियमच्या सेलावर काम करणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल मिळाले, ते योग्यच झाले. माझी तक्रार त्या सेलाविषयी नाहीच. पूर्वी खेड्यातल्या किराणा दुकानात “मोठे सेल द्या” म्हटले की पुरे, कोणत्याही कंपनीचा सेल कोणत्याही बॅटरीत बसे. कारखानदारांनी आपसांत माप ठरविले होते, गिऱ्हाइकाला ते ठाऊक असण्याची गरज नव्हती. आज माप आहे, पण ते झाकणाखाली लपवलेले. पुष्कळ बॅटऱ्यांत तर सेल डाग देऊन पक्का केलेला. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणातला सेल वापरणाऱ्याला स्वतः काढता आला पाहिजे, असा कायदा झाला आहे. आपल्याकडे २०२२ साली ‘राइट टू रिपेअर’चे पोर्टल निघाले. त्यात शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने अशी क्षेत्रे धरली आहेत. आबांची बॅटरी यांतल्या कोणत्या खान्यात टाकावी? मी तर म्हणेन, शेतीच्या अवजारांत. आणि तिच्या झाकणावर सेलाचे माप, टोक सपाट की उंच, एवढे तरी मराठीत छापावे. हा विषय सायन्सवाल्यांचा आहे असे आपल्या वर्गात कुणी म्हणाले, पण मला ते पटत नाही. मला अडले ते खोक्यावर न लिहिलेल्या एका ओळीपाशी.

आबा आता पुन्हा पत्र्याचीच बॅटरी नेतात. मेलेला सेल दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून माझ्या पेटीत पडून आहे. २०२२ च्या नियमांप्रमाणे असे सेल परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. जळगावात अजून एकाही दुकानदाराने तो ठेवून घेतलेला नाही. या शनिवारी आणखी दोघांना विचारणार आहे.