दाताचा खांब नेमका कुठे रोवायचा?

एका वाचक भगिनींचा प्रश्न आला आहे. यजमानांची खालची दाढ काढून दोन वर्षे झाली. आता तिथे इम्प्लांट बसवायचे ठरले आहे. डॉक्टर म्हणतात, आधी जबड्याचा स्कॅन काढू, त्यावरून साचा करून घेऊ. त्याचे पैसे निराळे. ‘हा साचा खरेच लागतो, की उगाच खर्चात पाडतात?’ कष्टाचा पैसा आहे, तेव्हा विचारणे रास्तच आहे.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा छोटा स्क्रू. जबड्याच्या हाडात भोक पाडून तो बसवतात. काही महिन्यांत हाड त्याला घट्ट धरते, मग वर दात चढतो. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले.

कुंपणाचा खांब रोवताना खालून पाइपलाइन गेली असेल, तर आपण आधी ती कुठून गेली हे बघतो. खालच्या दाढांच्या मुळांखालूनही हाडातून अशीच एक नळी जाते. तिच्यात खालच्या ओठाला व हनुवटीला स्पर्श कळवणारा मज्जातंतू असतो. गिरमिट तिथवर गेले तर ओठ बधिर होतो. चहा ओघळला तरी कळत नाही. कधी हे काही आठवड्यांत जाते, कधी जन्माचे राहते.

साध्या एक्स-रेत हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही. कोन बीम सीटी नावाच्या स्कॅनमध्ये दोन्ही दिसतात. त्यावरून स्क्रूची जागा, कल आणि खोली ठरवून प्लॅस्टिकचा साचा बनवतात. तो उरलेल्या दातांवर बसतो. त्यातल्या भोकातूनच गिरमिट जाते. भातलावणीला दोरी धरावी, तसेच हे.

पण दोरीही कधी सरकते! साच्यानेसुद्धा एखाद्या मिलिमीटरचा फरक पडू शकतो. म्हणून मज्जातंतूपासून निदान दोन मिलिमीटर अंतर राखतात. शिवाय साच्यामुळे गिरमिटावरचे थंड पाणी हाडापर्यंत नीट पोचत नाही, आणि हाड तापले तर स्क्रू धरत नाही. तोंड कमी उघडत असेल, तर मागच्या दाढेला साचा वापरणेही कठीण.

तेव्हा भगिनी, खालच्या दाढेसाठी स्कॅनला नाही म्हणू नका. हाड भरपूर असेल आणि एकच दात असेल, तर अनुभवी डॉक्टर स्कॅन पाहून साच्याशिवायही नीट बसवतात. मज्जातंतू जवळ असेल, हाड अरुंद असेल किंवा बरेच दात बसवायचे असतील, तर मात्र साच्याचे पैसे वाचवू नयेत. स्क्रूचे टोक आणि मज्जातंतू यांत किती जागा राहते, ते डॉक्टरांना स्कॅनवर दाखवायला सांगा. यजमानांना तंबाखूची सवय किंवा मधुमेह असेल, तर तेही लपवू नका.

आणि एक. भुलीचा असर काही तासांत उतरतो. दुसऱ्या दिवशीही ओठ बधिरच असेल, तर टाके काढायच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना कळवा. स्क्रू वेळेवर काढला किंवा वर घेतला, तर मज्जातंतू सावरण्याची आशा असते.